काळी चारची पट्टी

माझ्यावर आजवर सगळ्यात जास्त वेळा झालेला आरोप एकच आहे. ही वरच्या पट्टीत बोलते. शाळेत बाई म्हणाल्या, कॉलेजात सर म्हणाले. वस्तीच्या पाण्याच्या अर्जाचं काय झालं ते विचारायला गेले तेव्हा खिडकीमागचा माणूस म्हणाला, "मॅडम, पट्टी जरा खाली आणा." आमच्या संघटनेतला दादा माइक हातात नसतानाही माइकवर असल्यासारखा बोलतो, तोही म्हणतो. एकदा नवरात्रात मी ठाण्यात टेंभी नाक्यावर पत्रकं वाटत होते. चारी बाजूंनी स्पीकर लागलेले. समोरच्या बाईला पत्रक कशाबद्दल आहे ते सांगायचं तर ओरडण्याशिवाय इलाज नव्हता. मागून एक काका म्हणाले, "मुलींनी एवढ्या वरच्या आवाजात बोलू नये." स्पीकरला ते काहीच बोलले नाहीत.

तेव्हा या शब्दाशी माझं भांडण जुनं आहे. पट्ट्या तशा खूप. शाळेत तळहातावर बसायची ती पट्टी, जखमेवर बांधतात ती पट्टी, नळाला पाणी येवो न येवो भरावी लागते ती पाणीपट्टी. शेवटच्या पट्टीवर मी पत्रकंही लिहिली आहेत. पण इथे लिहायचंय ते पेटीच्या पट्टीबद्दल. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गाणारा त्यातली एक धरतो आणि तिथे आपला सा ठेवतो. मग त्याचं सगळं गाणं तिथून वर चढतं आणि तिथेच खाली येतं. काळी एकला सा धरला तर गाणं खालून सुरू होतं, काळी चारला धरला तर बरंच वरून. ज्याचा त्याचा गळा, ज्याची त्याची पट्टी. एवढं सोपं आहे. यात कुणावर अन्याय होऊ शकतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मोर्चे काढायला दुसरे विषय कमी आहेत का?

माझी आई कोपरीतल्या आमच्या भजनी मंडळात गाते. मंडळ कोकणातून आलेल्या लोकांचं. देऊळ लहान, इमारतींच्या मधे चेपलेलं. पण दर वर्षी तिथे नामसप्ताह होतो आणि शेवटच्या दिवशी आई गौळण म्हणते. माझ्या जन्माच्या आधीपासून म्हणते. त्या दिवशी ती पोळीभाजी केंद्रातून सुट्टी घेते, अंबाड्यावर अबोलीचा गजरा घालते आणि सकाळपासून कुणाशी फारसं बोलत नाही. माझ्या आईच्या नावावर या जगात फार काही नाही. घर पप्पांच्या नावावर, गॅस पप्पांच्या नावावर. ती गौळण तेवढी तिची.

मंडळाचे बुवा म्हणजे आता सत्तरी ओलांडलेला माणूस. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मशीनवर होते. पेटीही तेच वाजवतात, गातातही तेच. एके काळी त्यांची कीर्ती होती की बुवा काळी चारच्या खाली उतरतच नाहीत. आमच्याकडे भजनात हीच मर्दुमकी. जो वर गाईल तो मोठा. समोरच्या मंडळाचा बुवा काळी तीनला बसला की आमचे लोक एकमेकांना कोपर मारून हसायचे. मागे बसलेल्या पुरुषांचा दम निघायचा, मानेच्या शिरा फुगायच्या, आणि बुवा म्हणायचे, "ओढा रे! जेवक येतास तेव्हा बरे ओढतास!"

आईला त्याच बुवांनी पुढे बसवलं. त्याआधी बायका मागे बसून टाळ्या वाजवायच्या आणि प्रसादाचं बघायच्या. आई सांगते, एकदा ती मागे बसून गुणगुणत होती, बुवांनी पेटी थांबवली आणि म्हणाले, "कोण गो ती? पुढे ये." बुवांना घाबरून ती पुढे गेली आणि मग तिथेच राहिली.

गेली तीन-चार वर्षं आईचा आवाज फुटायला लागला होता. गौळण खाली सुरू करायची तर शब्द तोंडातून बाहेरच पडायचे नाहीत, घशात घरघर व्हायची. म्हणून ती वरच्या सप्तकात जायची, तर गौळणीत जिथे उंच जागा आहे तिथे नुसती किंकाळी. ऐकणारे माना खाली घालायचे. झांजवाले एक काका आहेत, आमच्याच मजल्यावर राहतात, त्यांना विनोदाची फार हौस. ते म्हणायचे, "वहिनी, गोकुळात आग लागली काय? राधा ओरडते कशाला?" सगळे हसायचे. आईसुद्धा हसायची. घरी आल्यावर गरम पाण्यात हळद-मीठ घालून गुळण्या करायची.

मग घसा दुखायला लागला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून बघितलं. म्हणाले, स्वरतंतू सुजलेत, ताण देऊ नका, वयानुसार होतं. वयानुसार हा शब्द बायकांच्या बाबतीत डॉक्टरसुद्धा किती पटकन काढतात! आई पन्नाशीची. घरी आली, पदर खोचला, कणीक भिजवायला घेतली आणि म्हणाली, "यंदा गौळण दुसऱ्या कुणालातरी द्या म्हणून सांगते."

पप्पा म्हणाले, "अगं, एवढं काय? जमेल तशी म्हण."

"जमेल तशी म्हणायला ती अंगाई आहे?"

पप्पांनी पेपर उघडला. मला गाण्यातलं काय कळणार? मला वाटलं, गेला आवाज. वाईट झालं. जातो म्हणतात वयानुसार.

त्याच महिन्यात आमच्या संघटनेने गाण्यांचं पथक काढलं. डोंबिवलीच्या टोकाला डोंगराच्या उतारावर वस्त्या आहेत, तिथे पाण्यासाठी आमचं काम चालू होतं. पत्रक वाचायला लोकांना वेळ नसतो, गाणं ऐकतात. गाणी आमची आम्हीच लिहिलेली. चार मुलगे, तीन मुली, एक डफ, एक जुनी पेटी. तालीम कल्याणला एका कार्यकर्त्याच्या बंद पडलेल्या क्लासच्या खोलीत. मुद्दे चांगले होते, चाली बऱ्या होत्या, पण आम्ही तिघी मुली गायला लागलो की काहीतरी भयानक व्हायचं. खाली गेलो तर पुटपुटल्यासारखं, वर गेलो तर किंचाळल्यासारखं. दादा म्हणाला, "मुलींनी जरा कमी गा. कोरसला नुसत्या 'हो हो' म्हणा."

आमच्यातली एक मुलगी लहानपणी कुठेतरी गाणं शिकलेली. ती म्हणाली, "दादा, तू काळी एकला गातोयस. ती तुझी पट्टी आहे. आमची नाही."

"मग तुमची कुठली?"

"काळी चार, नाहीतर काळी पाच. त्याच्या आसपास."

"अगं, तिथे मी मरेन!"

"आम्ही इथे मरतोय ते?"

दादा हसला. म्हणाला, "मुद्दा पाण्याचा आहे, पट्टीचं नंतर बघू." नंतर बघू! जगातल्या सगळ्या चळवळींनी बायकांना हेच सांगितलं असेल. मी अर्थातच वरच्या पट्टीत त्याला माझं मत ऐकवलं. मग त्या मुलीने पेटी ओढून घेतली, काळी चारवर बोट ठेवलं आणि आम्हाला म्हणाली, "म्हणा." आम्ही म्हटलं. घसा मोकळा. कुठे जोर नाही, कुठे ताण नाही. तेच गाणं, त्याच मुली. खोलीच्या बाहेरून जाणारा एक माणूस थांबून आत बघायला लागला. आणि आमचे चारही वीर? कुणी खाली घुमत होता, कुणी वर चिरकत होता. एकाने चक्क घसा धरला.

मला हसू यायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आईची हळद-मिठाची वाटी आली.

घरी आले. आई पोळ्या लाटत होती. लाटताना ती गुणगुणते, तिचं तिलाही कळत नाही. मी मोबाइलवर पेटीचं ॲप काढलं आणि तिच्या गुणगुणण्याला लावून बघितलं. काळी चार. जरासुद्धा इकडेतिकडे नाही. मी म्हटलं, "आई, गौळण म्हण ना, अशीच, लाटता लाटता."

"कशाला? घसा दुखतो."

"दुखला की थांब."

तिने म्हटली. पूर्ण म्हटली. उंच जागा आली तेव्हा मी श्वास धरून उभी होते. तिने ती अशी घेतली जशी पोळी तव्यावरून उचलतात. आवाज थोडा जाडसर झालाय, पूर्वीसारखा बारीक नाही. पण जिथे जायचं तिथे पोहोचला. शेवटी तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. म्हणाली, "आज बरा लागला गं."

"आज नाही. तुझा आवाज कुठे गेलेलाच नाही आई. देवळात आता कुठली पट्टी असते?"

ती तवा उगाच पुसत बसली. म्हणजे तिला माहीत होतं.

मग मी कानावर पडलेलं एक एक आठवत गेले. बुवा म्हातारे होत गेले तशी पट्टी उतरत गेली. आधी काळी तीन. मग काळी दोन. मग काळी एक. कुणी जाहीर केलं नाही. मागच्या पुरुषांची तर मजाच झाली, त्यांना ओढायला नको, शिरा ताणायला नको, तेही बुवांबरोबरच म्हातारे झालेले. पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, खराब झाली म्हणून वर्गणी काढून मंडळाने नवा, मोठ्या तोंडाचा पखवाज आणला होता. तेव्हा मी पप्पांना विचारलेलं, पुडी खराब झाली तर पुडी बदलायची ना, अख्खा पखवाज कशाला? पप्पा म्हणालेले, "तुला नाही कळणार." आता कळलं. जुना, लहान तोंडाचा पखवाज खालच्या पट्टीत उतरत नव्हता. त्याला काळी चारचीच सवय होती. म्हणून तो कपाटावर गेला.

एका माणसाचा गळा उतरला म्हणून सगळं मंडळ खाली उतरलं, वाद्य बदललं, आणि बायकांना काय सांगितलं? तुमचा सूर गेला. वयानुसार. राधा ओरडते कशाला.

माझं डोकं फिरलं. मी त्याच संध्याकाळी बसून एक पत्रक लिहून काढलं. एका पानाचं. पुरुषांच्या सोयीला परंपरा म्हणतात आणि बायकांच्या त्रासाला वय म्हणतात, असं त्यातलं एक वाक्य होतं, मला ते अजूनही आवडतं. सप्ताहाच्या आधी देवळाच्या दारात वाटायचं असं मी ठरवलं. आईला वाचायला दिलं. तिने हात पुसले, चष्मा लावला, सावकाश वाचलं. घडी घातली.

"खरं आहे सगळं," ती म्हणाली. "म्हणूनच वाटू नकोस."

"म्हणजे?"

"बुवांची पट्टी उतरली हे कोपरीभर छापून वाटणार तू?"

"तुझ्यावर हसतात ते चालतं का?"

"माझ्यावर हसतात. त्यांच्यावर हसायला लागले तर ते देवळात यायचे नाहीत. ओळखते मी त्यांना. आणि त्यांना माहीत नाही असं वाटतं तुला? पेटी त्यांच्याच मांडीशी असते. रोज बोट कुठे ठेवतात ते त्यांना दिसत नाही?"

"मग बोलत का नाहीत?"

"तू बोलली असतीस?"

मी म्हटलं, मी नक्की बोलले असते. आई हसली. म्हणाली, "हो, तू बोलली असतीस. तुझ्यासाठी बुवा म्हणजे एक म्हातारा माणूस. मला त्यांनी पुढे बोलावलं होतं."

यावर माझ्याकडे घोषणा नव्हती. राग मात्र होता. आपल्याला ज्याने पुढे बसवलं त्याच्यासाठी आपण किती वर्षं घसा फाडून घ्यायचा? आणि आता तर ती फाडूनही घेणार नव्हती, गौळणच सोडणार होती. बुवांचा मान राहावा म्हणून स्वतःचं एकमेव गाणं सोडायचं! मी हे सगळं तिला बोलले. वरच्या पट्टीत. तिने ऐकून घेतलं आणि भांडी घासायला गेली.

सप्ताहाच्या आधीच्या तालमीला ती जाणार नाही असं मला वाटलेलं. पण ती निघाली. मला म्हणाली, "येतेस का? आलीस तर तोंड बंद ठेवायचं."

देवळात नेहमीची मंडळी. बुवा पेटीशी, गुडघ्यावर घडी घातलेला पंचा. पखवाजावर पप्पांचे एक मित्र, नवा पखवाज मांडीवर. झांजवाले काका. पप्पा टाळ घेऊन मागे. बायका डावीकडे. दोन-तीन अभंग झाले. पुरुष आरामात गात होते, बायकांचे ओठ हलत होते. मी आता मुद्दाम कान देऊन ऐकत होते. बायकांचा आवाज नव्हताच. इतकी वर्षं मी या देवळात आले, प्रसाद खाल्ला, आणि तो नाही हे मला कधी ऐकू आलं नव्हतं.

"गौळण," बुवा म्हणाले. "म्हण गो."

झांजवाले काका म्हणाले, "वहिनी, आज गळ्याला तेल घातलंत ना? की फायर ब्रिगेडला सांगून ठेवू?"

हशा. मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता हात मागे करून माझ्या मनगटावर ठेवला. मग बुवांना म्हणाली, "बुवा, आज काळी चार द्याल?"

एवढंच म्हणाली. अगदी हळू. पण हसणं तिथल्या तिथे थांबलं. त्या देवळात काळी चार म्हणजे काय हे प्रत्येकाला माहीत होतं. पप्पांनी टाळ खाली ठेवले.

पखवाजवाले काका म्हणाले, "आता कुठली काळी चार? हा तिथे चढायचा नाही. फाटेल पुडी."

बुवा पेटीकडे बघत होते. त्यांचं बोट काळी एकवरच होतं. मग त्यांनी ते उचललं.

"वरचो काढ," ते म्हणाले.

"बुवा, तो किती वर्षं..."

"काढ म्हटलंय ना."

पप्पा स्टुलावर चढले. कपाटावरून जुना पखवाज खाली आला, चादरीत गुंडाळलेला. धूळ उडाली, एक बाई शिंकली. पखवाजवाल्या काकांनी तो मांडीवर घेतला, डाव्या तोंडावर ओली कणीक थापली आणि हातोडी घेतली. बुवांनी काळी चार दाबून धरली. पखवाज आधी कुठल्याकुठे खाली बोलला. काकांनी वादीखालच्या लाकडी गठ्ठ्यावर हातोडी मारली. ठक. पुन्हा थाप मारून बघितली. ठक, ठक. प्रत्येक ठोक्याला तो थोडा वर सरकत होता. सगळे ऐकत होते. आपण किती खाली आलो आहोत हे मोजण्याचं यंत्र असतं तर असंच वाजलं असतं. बुवा डावा हात भात्यावर हलवत होते आणि उजव्या हाताचं एकच बोट दाबून बसले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची कुणाची हिंमत होत नव्हती. मी एकदाच चोरून बघितलं. मला अन्याय करणाऱ्या माणसाचा चेहरा माहीत आहे, मी तो रोज खिडकीमागे बघते. हा तसा नव्हता.

पखवाज सुरात मिळाला. तो पूर्वीचा खणखणीत आवाज निघाला आणि मागून कुणीतरी नकळत "वा" म्हणालं.

आईने गौळण म्हटली. स्वयंपाकघरात म्हटली होती त्याहून चांगली. पहिल्या ओळीनंतर बाकीच्या बायका आपोआप मिसळल्या, कुणी खूण केली नाही. मधेच मला कळलं की या सगळ्यांचे गळे इतकी वर्षं शाबूत होते. उंच जागा आली, आईने ती घेतली, धरली, सोडली. ध्रुपद उचलायची वेळ आली तेव्हा पुरुषांनी तोंडं उघडली आणि त्यांची दाणादाण उडाली. झांजवाल्या काकांचा आवाज असा चिरकला की मला आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. तेवढ्यात माझं लक्ष बुवांकडे गेलं. ध्रुपद त्यांचं असायचं. त्यांनी मान वर केली, छाती भरून घेतली, ओठ उघडले. मग मिटले. पेटी वाजवत राहिले. शेवटपर्यंत त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही.

गौळण संपल्यावर ते आईला म्हणाले, "बरी झाली गो. सप्त्याक हीच."

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी आई काळी चारला गायली. देऊळ भरलेलं होतं, रस्त्यावर खुर्च्या होत्या. लोक मला येऊन सांगत होते, तुझ्या आईचा आवाज परत आला. परत आला! मी प्रत्येकाला म्हणत होते, गेला नव्हता. कुणाला ते ऐकायचं नव्हतं. चमत्काराची गोष्ट लोकांना जास्त आवडते. बुवांनी त्या दिवशी पेटी वाजवली आणि अभंग दुसऱ्यांना म्हणायला सांगितले. म्हणाले, खोकला आहे.

खोकला गेला नाही. पुढच्या एकादशीला खोकला, त्याच्या पुढच्या एकादशीला खोकला. बुवा येत होते, पेटी वाजवत होते, गात नव्हते. मंडळात कुजबुज सुरू झाली आणि तिचं तोंड आमच्या घराकडे होतं. झांजवाले काका जिन्यात भेटले तर म्हणाले, "झालं समाधान? बुवांना गप्प केलंत."

मी म्हटलं, "काका, तुम्ही त्यांना एवढी वर्षं खोटं ऐकवलंत, आम्ही फक्त खरी पट्टी मागितली."

"बघ, पुन्हा वरच्या पट्टीत."

"तीच माझी आहे," मी म्हटलं आणि निघून आले. मला वाटलं मी जिंकले. घरात आई खिडकीशी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "त्यांच्या आवाजावर मी गाणं शिकले. तो ऐकायला मिळत नाही आता. तू कुणाशीही भांड, त्याने तो येणार आहे का?"

माझ्या सगळ्या पत्रकांत हा मुद्दा कधी आला नव्हता. ज्याने जागा अडवली होती तो उठला की प्रश्न सुटला, असं आम्ही लिहितो. उठलेला माणूस कुठे जाऊन बसतो ते लिहीत नाही.

पुढच्या एकादशीच्या आदल्या दिवशी आई बुवांच्या घरी गेली. मला नेलं नाही, पण मी गेले, दाराबाहेर चपलांपाशी उभी राहिले. बुवा खाटेवर बसून वाटाणे सोलत होते. आईने बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं केलं, त्यांच्या सुनेची चौकशी केली, मग वाटाण्यांचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं आणि सोलता सोलता म्हणाली, "उद्या सुरुवातीचा रूपाचा अभंग तुम्ही म्हणा."

"खोकला आसा माका."

"काळी एकला म्हणा. नाहीतर त्याच्याही खाली म्हणा. नवा पखवाज आहे की त्याच्यासाठीच आणलेला."

बुवांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"माझ्या गौळणीला जुना घेऊ, तुमच्या अभंगाला नवा. दोन्ही खाली ठेवू, कपाटावर कुठलाच नको."

"लोक हसतले गो. बुवा खय होतो, खय इलो."

"हसू देत. माझ्यावर हसतच होते ना? मी गातच होते."

बुवांनी ताटातला एक वाटाणा उचलला, तोंडात टाकला. मग दारातून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा चेडू भायर उभा आसा. तेका आत बोलव. ता गप उभा ऱ्हवला म्हणजे माका भ्या वाटता."

दुसऱ्या दिवशी देवळात दोन पखवाज होते. झांजवाल्या काकांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पप्पांनी त्यांच्याकडे बघितलं, ते मिटलं. बुवांनी काळी एकला बोट ठेवलं. मग त्याच्याही खाली, पांढरी एकला आणलं आणि सुरू केलं. मागच्या पुरुषांनी सवयीने सूर मिसळायला घेतला, तर त्यांनी हाताने थांबवलं. एकटे गायले. त्या आवाजात पूर्वीचं काही नव्हतं. श्वास मधेच तुटत होता, शब्दांच्या कडा घासल्या जात होत्या. लहानपणापासून त्यांना ऐकत आले, पण अभंगातले शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळले.

बायका गप्प बसून ऐकत होत्या. या वेळी त्यांना कुणी गप्प बसवलं नव्हतं. आई समोर बसली होती, मांडीवर हात, डोळे पुसत नव्हती, वाहू देत होती. अभंग संपला. बुवांनी पंच्याने तोंड पुसलं, पेटी थोडी तिच्याकडे सरकवली आणि काळी चार दाबून धरली. पखवाजवाल्या काकांनी मांडीवरचा नवा खाली ठेवला आणि जुना उचलला.